उजव्या सीटवरची चिमणी

चिमणी हे नाव वडिलांनी ठेवलं ते ती चार वर्षांची काडीपैलवान असताना. विमानाचा तेव्हा दूरदूरपर्यंत संबंध नव्हता. पुढे ती खरोखरच वैमानिक झाली, तरी घरात कुणाला नाव बदलावंसं वाटलं नाही. आज ती त्रेचाळीस वर्षांची आहे, चष्मा लावते, एकशे ऐंशी माणसांचं विमान चालवते आणि घरी अजूनही चिमणीच आहे.

चालवते म्हणजे उजव्या सीटवर बसून. कॉकपिटमध्ये डावी सीट कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची. उडवतात दोघंही, आळीपाळीने उतरवतातही दोघं. पण शेवटचा शब्द डावीकडचा, खांद्यावरच्या चार पट्ट्या डावीकडच्या आणि पगार दीडपट, तोही डावीकडचाच. चिमणीच्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या आणि त्या सोळा वर्षांत तसूभर वाढल्या नव्हत्या.

यात तिचं काही अडलं होतं असं नाही. या धंद्यात हुशारीपेक्षा यादी मोठी. कंपनीत ज्या दिवशी पाऊल टाकलं त्या दिवशी तुमचा नंबर लागतो, आणि वरचा कुणी निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की तुम्ही एक घर वर सरकता. सुट्ट्या, फेऱ्या, सगळं त्या नंबराप्रमाणे. को-पायलटांत चिमणी वरून सहावी होती, म्हणून हव्या त्या फेऱ्या तिच्या पदरात पडत. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, रविवार मोकळा. पण कॅप्टन झालं की माणूस कॅप्टनांच्या यादीत तळाला जाऊन बसतो. मग इतरांनी नको म्हटलेल्या फेऱ्या, परगावचे मुक्काम, नाहीतर स्टँडबाय, म्हणजे दिवसभर गणवेश चढवून फोनकडे डोळे लावून बसणं. चिमणीने विचार करून दोन वेळा अर्ज भरला नाही. तिच्या मागून आलेली पोरं डावीकडे जाऊन बसली, आणि ती नऊ वर्षांच्या लेकीबरोबर रोज संध्याकाळी जेवत राहिली.

हे तिच्या नवऱ्याला पटलं होतं. तो शाळेत गणित शिकवतो आणि घरात कमी बोलतो. पटलं नव्हतं ते तिच्या बाबांना. त्यांनी एकतीस वर्षं शहरबस चालवली. एका गाडीला दोन ड्रायव्हर ही गोष्टच त्यांच्या पचनी पडत नसे. "मग स्टिअरिंग असतं कुणाकडे?" असं ते सुरुवातीला विचारत. नंतर तो प्रश्न गेला आणि दुसरा आला. दर रविवारी फोन, आणि हवापाण्याचं बोलून झालं की, "मग, कॅप्टन कधी?" ती "बघू" म्हणायची. ते "बघ बाई" म्हणायचे. फोन ठेवल्यावर तिचा अर्धा रविवार नासायचा.

तर कंपनीने पाच नवीन कॅप्टनांच्या जागा काढल्या. जागा दुसऱ्या शहरात, रेल्वेने सात तासांवर. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. मुदत संपली की अर्ज मागे घेता येत नाही आणि मिळालेली जागा नाकारता येत नाही, हा तिथला कडक नियम. चिमणीने अर्ज भरायचा नाही असंच ठरवलं होतं.

पण त्या शुक्रवारी तिच्या डावीकडे एक नवाकोरा कॅप्टन होता, तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. नोकरीला लागला तेव्हा कागदपत्रं कशी भरायची हे त्याला तिनेच शिकवलं होतं. विमान उभं करून झाल्यावर तो अगदी मायेने म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. होईल तुमचंही."

टोमणा असता तर तिने परतवला असता. ही दया होती, आणि दयेला उत्तर नसतं. त्यात खाली उतरल्यावर फोन उघडला तर एका जुन्या मैत्रिणीने नव्या घराचे फोटो पाठवलेले. ती परदेशी कंपनीत गेली होती, पगार अडीचपट, घराला तीन न्हाणीघरं. मग चिमणीचं टाळकं सरकलं. कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच तिने फोनवर अर्ज भरला आणि सहाला वीस कमी असताना पाठवूनही दिला. सहा वाजून दहा मिनिटांनी राग उतरला, आणि मुदत संपल्याचं तिच्या ध्यानात आलं.

जागा तिला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. यादीत तिच्या वर पाच जण. त्यातले चौघं अर्ज करून मोकळे झाले होते. पाचवे आजोबा. आजोबा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे को-पायलट. एकोणीस वर्षं त्यांनी एकही अर्ज भरला नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन बागेला पाणी घालायचं, हे त्यांचं आयुष्याचं सूत्र होतं आणि ते कुणी न विचारताही सगळ्यांना सांगत. म्हणजे चार जागा त्या चौघांच्या, आणि पाचवी थेट चिमणीच्या गळ्यात.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने सवयीने कागद घेतला, पगाराचा आकडा लिहिला आणि त्याखाली महिन्याला तिच्या घरी असण्याच्या रात्री. आधी तीस, आता नऊ. दोन्ही आकडे बघून त्याने कागदाची घडी घातली आणि "छान," एवढंच म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर अशा "छान"चा अर्थ कळतो. लेकीला कुणी काही सांगितलं नाही. रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा चिमणीने आधीच सांगून टाकलं, "या वेळी अर्ज केलाय. मिळेलच बहुतेक." बाबा म्हणाले, "असं का? वा, वा." आणि फोन ठेवला.

पुढचे आठ दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. भाजी चिरताना हात थांबायचा. मुलीचे केस विंचरताना ती उगाच वेळ लावायची. रागाच्या भरात काही मिनिटांत आपण हिच्या लहानपणातली कितीतरी वर्षं देऊन टाकली, असं तिला वाटत होतं, आणि याचा दोष ढकलायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

यादी लागली सोमवारी सकाळी दहाला. चिमणी तेव्हा विमानतळावर वैमानिकांच्या खोलीत होती. चार फाटक्या खुर्च्या, कायम बिघडलेला प्रिंटर आणि चहाचं मशीन, एवढीच ती खोली. तिने फोन उघडला. पाच नावं होती. तिने ती एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यात तिचं नाव नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, बाकीच्या अर्जदारांसाठी जागा शिल्लक नाही.

ती उठून थेट बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि रडली. मग हसायला लागली. कुणाच्या तरी हातात आपला जीव होता आणि त्याने तो परत दिला, असं तिला वाटलं. इतकी सुटका तिला पायलटची परीक्षा पास झाल्यावरही वाटली नव्हती. तिला कॅप्टन व्हायचंच नव्हतं. आत्ता तरी नव्हतं. इतकी वर्षं जे ती लोकांना घरच्या अडचणी म्हणून सांगत आली, ती अडचण नव्हतीच, ती तिची आवड होती.

बाहेर आली तर आजोबा दारातच उभे, दोन्ही हातांत चहा, चेहरा चोरी पकडल्यासारखा. पाचवी जागा त्यांनी घेतली होती.

"पोरी, तोंड दाखवायची सोय नाही मला," ते म्हणाले. "तुझ्या तोंडचा घास काढला मी. तू अर्ज करशील असं वाटलं नव्हतं गं."

"पण तुम्ही? बागेचं काय?"

"बायकोने सांगितलं. धाकटा शिकायला बाहेर गेला, तर म्हणते, आता तुम्ही रोज संध्याकाळी घरी येऊन करता काय? माझ्या डोक्यावर बसता. जा, जरा मुक्काम करून या." आजोबांनी चहाकडे बघून उसासा टाकला. "एकोणीस वर्षं मला वाटत होतं ती माझी वाट बघते."

चिमणीने त्यांच्या हातून चहा घेतला आणि त्यांच्या पाया पडायची तेवढी बाकी ठेवली. "आजोबा, मनापासून अभिनंदन," ती म्हणाली. ते पुढे दोन दिवस सगळ्यांना सांगत होते की पोरगी मनाने फार मोठी आहे.

नवऱ्याला तिने फोन केला तेव्हा त्याची मधली सुट्टी होती. "नाही मिळाली," ती म्हणाली. त्याने पोरांच्या गलक्यातून बाजूला जाऊन पुन्हा विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "छान." हा छान वेगळा होता.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी रविवारपर्यंत थांबायची तिला हिंमत नव्हती. संध्याकाळी तिने फोन लावला आणि आवाज शक्य तितका पाडून सांगितलं, "बाबा, जागा गेली." पण पाडलेला आवाज टिकेना. "खरं सांगू का? मला बरं वाटलं. पुढच्या वेळीही मी अर्ज करणार नाहीये. मुलगी मोठी होईपर्यंत नाहीच. तुम्हाला राग आला तर येऊ दे."

पलीकडे खुर्ची करकरली. "सुटलो बाई," बाबा म्हणाले.

"काय?"

"अगं, तू कॅप्टन झालीस असं मी चार वर्षांपूर्वीच सगळ्यांना सांगून बसलोय. शेजारी, दवाखान्यात, डेपोतल्या जुन्या मंडळींना. डेपोत तर चहा पाजला सगळ्यांना. आता खरंच झाली असतीस, तर तुझी आत्या फोन करकरून जगाला कळवत सुटली असती. लोकांनी विचारलं असतं, मग चार वर्षं कोण होती? आठ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"मग दर रविवारी मला का छळत होता?"

"वाटायचं, एकदा ते खरं झालं की आपला जीव मोकळा. व्हायची वेळ आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

चिमणीला हसू आवरेना. "पण सांगितलंत कशाला बाबा? काय गरज होती?"

बाबा सांगू लागले. "लोक विचारायचे, मुलगी काय करते. मी सांगायचो, विमान चालवते. ते म्हणायचे, म्हणजे कॅप्टन का? आता मी त्यांना डावी-उजवी समजावत बसू? एकतीस वर्षं गाडी हाकली मी, चिमणे. मला एवढंच कळतं, की जिच्या भरवशावर माणसं डोळे मिटून बसतात, तीच चालवते. मी खोटं बोलतोय असं मला दोन-तीन वर्षं वाटलंच नव्हतं."

स्वयंपाकघरातून लेक ओरडली, आई, ताटं घेतली, ये लवकर.

"जा, जेव," बाबा म्हणाले. "आणि आत्याला यातलं काही बोलू नकोस."