कवळीवाल्यांचा काळा बेगोनिया

कवळीवाले कमी बोलत. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड उघडायला फुरसत कुठली! त्यांची सगळी हौस कामाच्या टेबलाशेजारी, एका मोठ्या काचेच्या बरणीत मावली होती. तिथे त्यांचा काळा बेगोनिया राहायचा. राहायचाच म्हणायचं, कारण घरात एवढी बडदास्त दुसऱ्या कुणाची नव्हती. ही जात ओल्या, दाट जंगलातली; हवा जरा कोरडी झाली की मान टाकते. म्हणून बरणीला झाकण, आत ओलं शेवाळ, आणि पानांखाली कीड दिसते का ते बघायला दात तपासायचा चिमुकला आरसा. पानं मखमली, काळीभोर. खालून मात्र जांभळट लाल.

“इतकं वाकून माझ्याकडे कधी पाहिलंत का हो?” बायको विचारायची.

“तू कुठे बरणीत राहतेस?” ते म्हणायचे आणि पुन्हा वाकायचे.

असं झाड गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, याचा त्यांना भारी तोरा. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीने एकदा भीत भीत एक पान मागितलं. बेगोनियाचं पान ओल्या शेवाळात खोचलं की त्याला मुळं फुटतात, हे तिला कुठूनसं कळलं होतं.

“ताई, पान तोडलं की झाड खचतं गं,” कवळीवाले म्हणाले.

धादांत खोटं! ताईकडे झाड झालं असतं तर यांचं एकुलतं एक राहिलं नसतं, एवढंच खरं. सख्ख्या बहिणीशी असं वागतो माणूस, काय म्हणावं!

“बरं बाबा, राहिलं,” म्हणून ताईने विषय सोडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक पान देठासकट गायब झालं. कवळीवाल्यांनी गोगलगायीवर आळ घेतला. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात आरसा घेऊन त्यांनी सगळी खोली पालथी घातली. गोगलगाय काही सापडली नाही.

“गोगलगाय नि पोटात पाय!” बायको दारातून म्हणाली आणि हसू दाबत आत गेली. कवळीवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

मग काही महिन्यांनी एक दिवस परगावचे एक झाडवेडे गृहस्थ खास बेगोनिया बघायला येणार होते. काळ्या पानावरची निळसर झाक उठून दिसावी म्हणून कवळीवाल्यांनी बरणी खिडकीत ठेवली. तेवढ्यात दारात घामाघूम झालेला एक म्हातारा उभा, हातात कवळीचे दोन तुकडे. संध्याकाळी मुलाचं लग्न आणि नवरदेवाच्या बापाच्या तोंडात दात नाहीत! कवळीवाले कामात बुडाले. कवळी जुळली, घासली, चकाकली. म्हातारा हसत हसत गेला. तोवर ऊन खिडकीत आलं होतं. झाकण लावलेली बरणी उन्हात ठेवणं म्हणजे भांडं शेगडीवर ठेवण्यासारखंच. आत बेगोनियाची पार भाजी झाली होती.

पाहुण्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. झाड गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्याच हाताने गेलं हे जास्त लागलं. एखादं पान कुणाला देऊन ठेवलं असतं तर! त्यांचा पडलेला चेहरा बायकोला बघवेना.

“ताईंच्या न्हाणीघरातला बल्ब गेलाय म्हणे. जाऊन या जरा,” ती म्हणाली.

बल्ब ठणठणीत होता. पण खिडकीजवळच्या फळीवर, गरम पाण्याच्या वाफेत, एका जुन्या बरणीत रोप उभं होतं. गुटगुटीत, काळ्या मखमली पानांनी भरलेलं. आपल्या हातची कवळी कवळीवाले कुणाच्याही तोंडात ओळखत. हे पान ओळखायला त्यांना आरसा लागला नाही.

मागे ताई येऊन उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

“चोरलं रे मी. तू गिऱ्हाइकाशी बोलत होतास तेव्हा. बोल, काय बोलायचंय ते.”

कवळीवाल्यांचे डोळे भरून आले होते.

“ताई, माझं गेलं गं. एक पान देशील?”

“नाही देणार,” ताई म्हणाली.

कवळीवाल्यांनी मान खाली घातली.

“अरे, मागून नेलेलं रोप धरत नाही. चोरलेलंच लागतं, माझं बघ ना! मी चहा टाकते.”

आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने भांड्यांचा असा खणखणाट सुरू केला, की कुणी अख्खं घर उचलून नेलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं.