ब्रेक की पाय

"गाडीचा ब्रेक स्वल्प मऊ लागतोय," अण्णा म्हणाले.

माझ्या वडिलांना आम्ही घरात अण्णा म्हणतो. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते चामराजपेटच्या घरी पंख्याखाली बसले होते आणि हे सांगताना त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही. मी "बघू या" म्हटलं. पण माझं लक्ष गाडीकडे गेलंच नाही. ते गेलं त्यांच्या उजव्या पायाकडे.

अण्णांना साखर आहे, फार वर्षांची. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही बंद झाल्या आणि आम्हाला वाटलं बरं झालं. त्या उन्हाळ्यात एकदा ते गच्चीवरून खाली आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे निसटली ते पायाला कळलंच नव्हतं, आणि गच्ची तर तव्यासारखी तापलेली. आई तळव्याला मलम लावत राहिली.

मार्केटजवळ त्यांचं बटणं, लेस आणि अस्तरांचं छोटं दुकान होतं. ते बंद केल्यापासून दिवसाला आकार यायचा तो गाडीमुळे. आमची जुनी हॅचबॅक, रंग उडालेली, दारं दोनदा आपटावी लागणारी. दुपारी ती घेऊन ते बसवनगुडीच्या शाळेतून माझ्या मुलीला आणायचे, जेवू घालायचे, आणि मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून परत येईपर्यंत सांभाळायचे. म्हणजे तो ब्रेक, तो पाय आणि माझी मुलगी रोज एकाच गाडीत असायचे. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आला.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने पेडल दोन-तीनदा जोरात दाबलं, रस्त्यावर एक चक्कर मारली, चारही चाकं बघितली. तेल जुनं झालंय, थोडी हवा शिरली असेल, म्हणाला. ब्रेक ऑईल बदललं, हवा काढली. पेडल चांगलं टणक झालं. मी अण्णांना चावी देताना मुद्दाम हसून सांगितलं, "आता काळजी नाही."

आठवड्याभरात ते म्हणाले, "पुन्हा खाली जातोय. पहिल्यापेक्षा जास्त."

मग मीच गाडी काढली. मोकळा रस्ता बघून करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, पट्टा छातीत रुतला. पुन्हा मारला, पुन्हा थांबली. घरी येऊन मी सांगितलं, "अण्णा, ब्रेक चांगला आहे."

"असेल," ते म्हणाले.

या "असेल"ने मला जास्त घाबरवलं. एरवी ते वाद घालणारे. भाजीवाल्याशीसुद्धा पटेपर्यंत बोलणारे. आता त्यांनी माझं म्हणणं लगेच मान्य केलं, आणि मला वाटलं, यांनाही पायाचीच शंका आहे.

दोन दिवसांनी दुपारी ऑफिसमध्ये आईचा फोन आला. ती स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात बोलत होती. "काल गाडी पुढच्या ऑटोला टेकली. धडकली नाही, नुसती टेकली. सिग्नलला उभी होती म्हणे, आणि आपोआप सरकली. तुला सांगू नको म्हणालेत."

"मुलगी होती गाडीत?"

"होती."

मी उठून खिडकीशी गेले. रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "त्यांना सांगावं लागेल. उभी गाडी आपोआप सरकत नाही. पाय ढिला पडला असणार." त्याचं चुकत नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं. तरी मी म्हटलं, थोडं थांब.

मुलीला शाळेच्या व्हॅनने पाठवायला लागलो. अण्णांना सांगितलं, तिच्या मैत्रिणी व्हॅनने जातात, तिचा हट्ट आहे. त्यांनी "सरी, बरं" म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग डॉक्टरांकडे जाऊन झालं. त्यांनी एक धातूचा काटा टेबलावर आपटून थरथरता केला आणि अण्णांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "कळतंय?" अण्णांनी डोळे मिटून बराच विचार केला. "नाही." घोट्यावर टेकवला. "नाही." गुडघ्यावर टेकवला तेव्हा ते पटकन म्हणाले, "हां, इथे कळतंय." परीक्षेत एक तरी उत्तर बरोबर आल्यासारखे. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवता?" मी अण्णांकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "सध्या नाही."

मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. कुणी तक्रार केली की हे नेमकं कधी होतं, काय केल्यावर होतं, ते शोधायचं आणि दोष पुन्हा घडवून दाखवायचा, हीच माझी नोकरी. पण त्या दिवसांत अण्णांना मी एकदाही विचारलं नाही की ब्रेक नेमका कसा मऊ लागतो. उत्तराची भीती वाटत होती. ब्रेक खरंच खराब निघावा असं मी मनातल्या मनात मागत होते, आणि त्याच गाडीत माझं मूल बसत होतं हे आठवलं की अशा मागण्याचीही भीती वाटायची.

गाडी घरासमोर उभी राहिली की अण्णा तिच्याकडे बघत बसतात म्हणून एका शुक्रवारी मीच ती ऑफिसला नेली. येताना उड्डाणपुलाच्या खालच्या रस्त्याने निघाले. वर जायला हवं होतं, पण एक वळण चुकलं आणि गर्दीत अडकले. गाड्या माणसाच्या चालीने सरकत होत्या. एका सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवून उभी होते. रस्ता किंचित उताराचा. पुढे स्कूटरवर एक जोडपं, मधे एक लहान मूल झोपलेलं, त्याची मान बापाच्या पाठीवर लवंडलेली.

स्कूटर जवळ यायला लागली.

मला वाटलं स्कूटरच मागे येतेय. मग पायाकडे लक्ष गेलं. मी पाय उचललेला नव्हता, दाबही कमी केला नव्हता. पेडलच माझ्या पायाखालून खाली जात होतं, हळूहळू, चिखलात पाय रुतत जावा तसं. मी हँडब्रेक खेचला आणि पेडल भराभर दोनदा मारलं. ते एकदम टणक झालं. गाडी थांबली. स्कूटरवरच्या बाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. काहीच झालेलं नव्हतं.

सिग्नल सुटल्यावर मी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, गाडी एका बंद दुकानासमोर घेतली आणि अण्णांना फोन लावला. "अण्णा, खाली जातंय. पेडल खाली जातंय."

ते म्हणाले, "तू ठीक आहेस ना? तिथेच थांब. अजिबात चालवू नकोस."

गाडी टो करून घरासमोर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिच्याभोवती उभे होतो, आणि मी शेवटी विचारलं. "तुम्हाला कधी लागायचं मऊ? सगळं सांगा."

"उभं असताना," अण्णा म्हणाले. "चालत्या गाडीला मारला की लागतो नीट. सिग्नलला हलका दाबून ठेवला की उतरत जातो."

"पण तुमच्या पायाला..." मी अडखळले.

"पायाला काही कळत नाही," ते म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं. "पण गुडघा पुढे जातो ते कळतं. गुडघा स्टिअरिंगखालून सरकायला लागला की मी समजायचो."

आम्ही बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईलच्या डबीवर कमी-जास्तीच्या दोन रेघा असतात, तेल वरच्या रेघेला होतं, गॅरेजमध्ये भरलं तेवढंच. मी वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला, जुन्या फडक्याने पुसून बघितलं. सगळं कोरडं. मग इंजिन चालू करून मी बसले, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जोरात दाबलं, पेडल टिकलं. सोडलं. मग अगदी हलकं दाबून धरलं. अण्णा उघड्या दारातून वाकून माझ्या गुडघ्याकडे बघत होते.

"जातोय," ते म्हणाले.

जात होता. तेल बाहेर कुठेच गळत नव्हतं आणि पेडल तरी तळाला जात होतं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. ते बघून माझ्या अंगातलं काहीतरी सैल झालं आणि लगेच दुसऱ्या बाजूने आवळलं. म्हणजे ते सांगत होते ते खरं होतं, आणि ते खरं असताना आम्ही गाडी महिनाभर रस्त्यावर फिरवली होती.

अण्णांच्या ओळखीचा एक मेकॅनिक घरी आला. दुकानात अस्तर घ्यायला येणाऱ्या एका बाईचा हा मुलगा, आता चाळिशीचा. त्याला आधी वाटलं मागच्या चाकांच्या ड्रममध्ये आतल्या आत गळती असेल. दोन्ही ड्रम उघडले, आत नुसती काळी भुकटी. मग मी त्याला हलकं दाबून दाखवलं. तो बराच वेळ स्वतः दाबून बसला. "अक्का, मास्टर सिलेंडर," तो म्हणाला.

पेडल दाबलं की ज्या नळकांड्यातून तेल चाकांकडे ढकललं जातं, ते हे. आतल्या दट्ट्याला रबराची कडी असते. ती झिजली की तेल बाहेर न गळता कडीच्या बाजूने मागे निसटतं. जोरात मारलं तर रबर पसरून भिंतीला चिकटतं आणि ब्रेक चांगला लागतो. हलक्या दाबाला ते पसरत नाही. त्याने जुना सिलेंडर उघडून मला रबराची कड दाखवली, एका बाजूने कुरतडल्यासारखी. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबतात, त्या वेळी आतल्या गंजलेल्या भागावर ती घासली असावी, असं त्याचं म्हणणं. म्हणूनच दुरुस्तीनंतर जास्त मऊ झालं होतं.

नवीन सिलेंडर बसला. मी हलकं दाबून धरलं आणि शंभरपर्यंत मोजलं. पेडल हललं नाही.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना अण्णा म्हणाले, "एकदा मी चालवतो." आई दारात उभी होती, माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायचा हक्क मला आहे की नाही ते कळेना. मी बाजूला बसले आणि हात हँडब्रेकजवळ ठेवला, लपवून नाही.

ते छान चालवत होते. पहिला सिग्नल, दुसरा सिग्नल. गांधी बाजाराच्या अलीकडे फुलांची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई रस्ता ओलांडायला लागली, बरीच लांब होती. अण्णांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि खाली बघितलं. रस्त्याकडे नाही, पायाकडे. पाय ब्रेकवर आहे याची डोळ्यांनी खात्री केली आणि मग दाबला. गाडी नीट थांबली. बाई निघून गेली. मागून कुणी हॉर्नही दिला नाही.

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "बघितलंस?"

"हो."

"पूर्वी बघावं लागत नव्हतं."

ते उतरून बॉनेटला धरत माझ्या बाजूला आले. मी सरकून त्यांच्या जागी बसले. पुढे एक दर्शिनी, उभ्याने खायचं छोटं हॉटेल, उघडी होती, तिथे आम्ही कॉफी घेतली. मला वाटलं आता गाडीबद्दल बोलावं लागेल, काहीतरी धीराचं. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "गाडीचं सोड. मला भीती जिन्याची वाटते. उतरताना पायरी संपली की आहे ते कळत नाही. रोज वाटतं, आज पडणार. तुझ्या आईला सांगितलं नाही."

मी कप खाली ठेवला. महिनाभर मी ज्या भीतीभोवती फिरत होते ती त्यांची भीती नव्हतीच.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"झाले बरेच."

त्याच आठवड्यात जिन्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवून घेतला आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला. आईने रंग बघून कपाळाला हात लावला, मग कारण कळल्यावर ती स्वतःच सगळ्यात खालच्या पायरीवर आणखी एक हात देऊन आली. डॉक्टरांनी पायांचे व्यायाम आणि एक काठी दिली. काठी ते वापरत नाहीत, कठडा वापरतात. मुलगी व्हॅननेच येते आणि व्हॅन थांबते त्या कोपऱ्यावर ते तिला घ्यायला जातात. मी दुपारी ऑफिसमध्ये असते आणि ती दोघं घरी पोचल्याचा फोन आईकडून येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही.