मिस्त्रींचा कान

वकिली जरा जमू लागली तेव्हा मी एक जुनी गाडी घेतली. सत्तरचं दशक होतं. नागपुरात गाडीवाला वकील दिसला की लोक थोडे सरकून उभे राहत, आणि मला ते फार आवडायचं. पण माझी गाडी चौकात थांबली की थरथरायची, मधेच बंद पडायची, मागून काळा धूर सोडायची. पेट्रोलचा वास माझ्या कोटालाही येऊ लागला. कोर्टाच्या बार रूममध्ये थट्टा सुरू झाली, "धूर दिसून राहिला, आले वाटते साहेब!" थट्टा मला कधीच सोसली नाही.

शहरातल्या सक्करदऱ्याला एक म्हातारे मिस्त्री होते. बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचे. त्यांच्या कानाचं गावात नाव होतं आणि त्यांचीही सगळी मदार त्या कानावरच होती. एका रविवारी मी गाडी नेली. त्यांनी चारही प्लग काढून दाखवले, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखे काळे. "पेट्रोल जास्त पिऊन राहिली साहेब," ते म्हणाले. एअर फिल्टर झाडला, कार्बोरेटर उघडून साफ केला. गाडी शांत चालू लागली. सोमवारी कोर्टातून परतताना पुन्हा तोच धूर.

असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारी ते बराच वेळ इंजिनाकडे कान लावून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "राग नका मानू साहेब. माह्यापाशी गाडी चांगली चालते, तुमच्यापाशी बिघडते. गरम झाल्यावर चोक आत ढकलायचा राहून तर नाही जात?"

चोक म्हणजे थंड गाडी सुरू करताना ओढायचं बटण. ते बाहेर राहिलं तर इंजिनात पेट्रोल जास्त जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यात एक माझा अशील. माझं डोकं फिरलं. एरवी मी त्यांना अहो-जाहो करायचो, त्या दिवशी सरळ अरे-तुरेवर आलो. "मला गाडी शिकवतोस? कान गेलाय तुझा. कबूल कर आणि घरी बस." ते हातातला पाना पुसत राहिले. अशील हसला. मला बरं वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी वकील कसला! महिनाभर बार रूममध्ये सांगत सुटलो, की मिस्त्री बहिरा झालाय. लोकांच्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या.

पुढे एका कामासाठी काटोलला गेलो. निघताना कुणीतरी संत्री दिली. ती मी कोर्टात न्यायच्या डब्याच्या कापडी पिशवीत भरली आणि पिशवी गाडीत नेहमीच्या जागी अडकवली. थोड्याच अंतरावर गाडी गचके खात बंद पडली. पाहतो तर पिशवी चोकच्या बटणाला अडकवलेली, आणि तिच्या वजनाने ते पार बाहेर आलं होतं. माझी नेहमीची जागा तीच होती! कोर्टाच्या दिवशी पिशवी असायची, रविवारी नसायची. मी बटण आत ढकललं, पिशवी मागच्या सीटवर ठेवली. गाडी कुरकुर न करता घरापर्यंत आली. लाज वाटली, पण ती नागपूर येईपर्यंतच टिकली. कुणालाही काही सांगितलं नाही.

वर्षभराने मिस्त्री सक्करदऱ्याच्या तलावाजवळ दिसले. दुकान बंद केलं होतं म्हणे. मी इंजिन चालू ठेवून कुणाची तरी वाट पाहत होतो. ते जवळ आले, सवयीने मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.

"आता मस्त चालून राहिली साहेब. काय निघालं होतं गा त्यात? तेवढं सांगा मले. वर्षभर तेच डोक्यात आहे."

एका वाक्याचं काम होतं.

"कार्बोरेटरच्या एअर जेटमध्ये कचरा होता," मी म्हणालो. "नव्या मिस्त्रीला आवाजावरूनच कळलं."

"मले नाही ऐकू आला," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही बरोबरच बोलले होते." आणि त्यांनी मला हात जोडले.