एका दिवसापुरतं मुन्नालालचं घर

सडक अर्जुनी गावात हायवेले लागून सुशीलाबाईचं कवेलूच्या छपराचं घर. समोरची खोली तिनं टायरवाल्या मुन्नालालले भाड्यानं देली होती. दीड वर्षापासून त्यानं भाडं बंद केलं, अन् खाली कर म्हटल्यावर कोर्टातून स्टे आणला. निकाल लागेपर्यंत त्याले काढायचं नाही. इकडं पोरगी रेणू शिवणकाम शिकून आलेली, तिची मशीन गाईच्या कोठ्यात धूळ खाऊन राहिली. दुकान टाकायचं तर सडकेवरचीच खोली पाहिजे.

"कवेलू काढून टाकतो. आपोआप पळते," पोरगा भूपेंद्र वकिलाकडं म्हणे.

वकिलानं त्याले तिथंच गप केलं. "कवेलू काढू नका, लाईन कापू नका, कुलूप लावू नका. तुमच्यावरच केस होते. त्यानं राजीखुशीनं लिहून देलं तर गोष्ट वेगळी."

"तो कायले देते लिहून?" म्हणत सुशीलाबाई घरी आली.

दिवाळी झाली, गावची मंडई आली. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेले सोयरे न बोलावता येतात, अन् आलेल्याले नाही म्हणता येत नाही. दोन दिवस आधी मुन्नालाल मागच्या दारी येऊन उभा.

"काकी, मंडईले सासरा येऊन राहिला दरेकशाहून. त्याले मी सांगलो, घर माह्यं आहे."

"पुरं घर?"

"पुरं."

भूपेंद्र हसत सुटला. "येऊ दे बुढ्याले. मीच सांगतो त्याले खरं काय ते."

"तू गप. इज्जत गेल्यावर तो कायले काही देईल?" सुशीलाबाई मुन्नालालकडं वळली. "महिन्याभरात खोली सोडतो म्हणून लिहून दे. मंडईचा दिवस घर तुह्यं. मी शेजारीण."

दुसऱ्याच दिवशी वकिलापुढं स्टॅम्पावर सही झाली.

मंडईले सासरा छोटेलाल सहा माणसं घेऊन आला. सुशीलाबाईनं आपल्याच चुलीवर उडदाचे वडे तळले अन् शेजारणीसारखे नेऊन वाढले.

"जावयानं घर जोरदार बांधलं," छोटेलाल म्हणाला. तिनं त्याच्या ताटात आणखी दोन वडे टाकले.

महिन्याभरात कोर्टाचं मिटलं, खोली रिकामी झाली, मशीन आत गेली.

उन्हाळ्यात छोटेलाल परत आला. जावयानं घर विकलं, एवढंच त्याच्या कानावर होतं.

"तुमीच घेतलं का जी? पोराले भोळा पाहून सस्त्यात मारलं तुमी."

"हो जी, परवडलं मले," सुशीलाबाई म्हणाली, अन् रेणूले त्याच्या बंडीचं माप घ्यायले लावलं.