टाकीतला बाळकृष्ण

"टाकी गळली तं आपली अख्खी गँग घरी!" आमचा वेल्डिंग फोरमन दौलतभाऊ हे सकाळपासून इतक्यांदा म्हणाला, की टाकीलाही पाठ झालं असावं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. आमच्या गँगने पाण्याची टाकी जोडली होती. एवढी मोठी, की आत हाक मारली तर आवाज जेवूनखाऊन परत यायचा. त्या दिवशी तिची हायड्रो टेस्ट. म्हणजे टाकी काठोकाठ भरायची आणि वेल्डिंगच्या सांध्यांतून थेंब येतो का ते बघायचं. बघणारा रशियन इंजिनियर.

पाणी चढू लागलं आणि दौलतभाऊ एकाएकी निवांत! बिडी ओढत बसला.

"कावून गा, गार पडला एकदम?" मी विचारलं.

"देव पाण्यात ठेवले ना बाप्पा!"

जिवाला घोर लागला की आपल्याकडे घरचे देव पाण्यात बुडवून ठेवतात. काम फत्ते झाल्याशिवाय काढत नाहीत. तोवर देवानेही भोगावं! हल्ली निवडणुकीचे उमेदवारही देव पाण्यात ठेवून बसतात, पण नुसते बोलण्यात. देव कोरडे ठणठणीत.

"पण तुह्या तंबूत तं एकच लोटा हाय!"

"लोटा कायले पाहिजे? टाकी हाय ना. पाणी सोडायच्या आधीच ठेवला बाळकृष्ण."

टाकी भरली. एक थेंब गळला नाही. साहेब खूश. म्हणाला, आता रिकामी करा. मी तळाचा व्हॉल्व्ह उघडला. चूळ भरण्यापुरतं पाणी आलं आणि बंद!

साहेबाचा दुभाष्या ओरडला, "साहब पूछते हैं, पाइप में क्या फँसा है? पाइप जाम, तो टेस्ट फेल!"

दौलतभाऊचा चेहरा राखेसारखा. "मले मालूम हाय काय फसलं," तो पुटपुटला.

"चूप बस!" मी दटावलं.

साहेबाने स्वतःच हातोडा उचलला आणि पाइपवर घातला. ठण्ण! बाळकृष्ण तोफेच्या गोळ्यासारखा सुटला, साहेबाची टोपी घेऊन गेला. मागून निम्मी शिवनाथ नदी साहेबाच्या अंगावर.

निथळत त्याने मूर्ती उचलली. रांगणारा, हातात लोण्याचा गोळा.

"ये कौन सा पार्ट है?" दुभाष्याने विचारलं.

दौलतभाऊने हात जोडले. "इन्स्पेक्टर है, साहब. अंदर से चेकिंग कर रहा था."

दुभाष्याने ते रशियनमध्ये सांगितलं. साहेब असा हसला की पार पलीकडच्या कुम्हारी गावापर्यंत ऐकू गेलं असेल. टाकी पास, गँग कायम.

पुढच्या टाकीच्या आउटलेटवर साहेबाने आधी जाळी बसवून घेतली. मग दौलतभाऊकडे वळून म्हणाला, "इन्स्पेक्टर अंदर?"

तेव्हा देव खुशाल पाण्यात ठेवा. फक्त पाणी कुठून बाहेर जातं, तेवढं बघून ठेवा.