माझ्या नावाची सोडत

मी जन्मले त्याच महिन्यात बाबांना दुबईची नोकरी लागली, आणि तेव्हापासून आमच्या घराचं नशीब माझ्या पायांत आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पायगुण! मला कुणी विचारलं नव्हतं. गाडी घेतली की तिच्यात आधी मी बसायचं, सोनं घेतलं की ते आधी माझ्या हातात. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. आपण घरातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस आहोत असं सात-आठ वर्षांच्या मुलीला सांगितलं तर ती काय नको म्हणणार?

त्यामुळे बाबांनी बचतीची ती योजना घेतली तेव्हा खातं माझ्या नावावर निघालं, यात आईलाही नवल वाटलं नाही. योजना साधी होती. पैसे साठवायचे, मुद्दल कुठे जात नाही, हवं तेव्हा काढता येतं. व्याजाच्या ऐवजी दर महिन्याला सोडत, आणि जितके पैसे जास्त तितके आपले नंबर जास्त. डोंबिवलीला आजोबांच्या पतपेढीतही असं बक्षीस ठेव खातं होतं, पण तिथे फार तर प्रेशर कुकर लागायचा. इथलं पहिलं बक्षीस दहा लाख दिरहम. बाबा तो आकडा म्हणायचे, मग मान वर करून त्याचे मोठ्याने रुपये करायचे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी लागू तर द्या, मग गुणाकार करा!"

पगार झाला की आम्ही बर दुबई या जुन्या भागात जायचो. आधी देवळात, मग मीना बाजारातल्या त्या मनी एक्स्चेंजच्या दुकानात, जिथे हे पैसे भरता यायचे. दाराशी बाबा मला थांबवायचे. "उजवा पाय आधी." एकदा मी धावत डाव्या पायाने आत गेले तर त्यांनी मला बखोटीला धरून बाहेर आणलं आणि पुन्हा आत घातलं. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "आ गयी लकी मॅडम?" आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "अहो, लोक बघतायत." बाबांना लोकांची लाज नव्हती, निदान या बाबतीत तरी नाही.

सोडतीचा निकाल कॉम्प्युटरवर यायचा. शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून निकाल कधीही लागो, आमच्याकडे तो शुक्रवारीच बघायचे, माझी आंघोळ झाल्यावर. आमचा देव्हारा ओट्यावरच्या कपाटात होता, मसाल्यांच्या शेजारी. तिथे नमस्कार करून मी माउस हातात घ्यायचा आणि क्लिक करायचं. एकदा पन्नास दिरहम लागले. "म्हणजे सहाशे रुपये!" बाबा ओरडले, आणि त्याहून जास्त पैशांचे पेढे आणून त्यांनी सगळ्या मजल्यावर वाटले. शेजारच्या वसईच्या आंटी पेढा खात म्हणाल्या, "या पोरीला आमच्याकडे पण पाठव गं दोन दिवस."

मग ती मंदी आली. मला ती शाळेत कळली. रविवारी आठवडा सुरू व्हायचा आणि वर्गातलं कुणीतरी गायब असायचं. टीचर इंग्रजीत म्हणायची, "ही वेंट बॅक." कुठे, का, काही नाही. आमच्या खिडकीतून दिसणारी क्रेन एक दिवस हलायची थांबली ती थांबलीच. वसईच्या आंटींच्या नवऱ्याचं हॉटेल अर्धं बंद झालं तेव्हा त्या मुलांना घेऊन परत गेल्या. जाताना तुळशीची कुंडी आमच्याकडे ठेवून गेल्या, जी मुळात आईनेच त्यांना औषधाला म्हणून दिली होती. आई ती कुंडी घेऊन बराच वेळ दारात उभी राहिली. मग मला उगाचच रागावली.

बाबा जबल अलीत एका माल वाहतुकीच्या कंपनीत होते. ते घरी आले की आई त्यांचा चेहरा बघायची आणि मी आईचा. जेवताना कुणी कंपनीचा विषय काढत नसे. बोलणं व्हायचं ते सोडतीचं, आणि तेही आता गंमत म्हणून नाही. बाबा म्हणायचे, "एकदा, फक्त एकदा लागू दे. कुणाच्या बापाची भीती नाही मग." आणि माझ्याकडे बघायचे. ते प्रेमानेच बघायचे, पण मी ताटात बघायचे. सोडतीच्या आठवड्यात गुरुवारपासून मला जेवण जायचं नाही. आपण नीट नमस्कार केला नाही, क्लिक करताना मध्येच शिंक आली, म्हणून नंबर लागला नाही, असं मला मनापासून वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? आमच्या अख्ख्या घराला बरं वाटावं असं एकच काम माझ्याकडे होतं आणि तेच मला जमत नव्हतं.

मार्चमध्ये बाबांना कंपनीने काढलं. राहिलेल्या पैशांच्या हिशोबाचं इन्शाल्ला नंतर बघू, असं मॅनेजर म्हणाला. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. पण त्याआधी एक मोठं संकट उभं होतं. तिथे घरभाड्याचे वर्षाचे चेक आधीच, पुढच्या तारखा घालून द्यावे लागत. शेवटचा चेक त्याच महिन्यात वटायचा होता, खात्यात तेवढे पैसे नव्हते, आणि चेक परत गेला की पोलीस केस. माणसं तुरुंगात गेलेली आम्ही ऐकली होती. भाड्यापुरते पैसे होते ते एकाच ठिकाणी, माझ्या नावावर.

आई म्हणाली, "काढा ते." बाबा म्हणाले, काढतो, पण सोडत झाल्यावर. सोडत चेकच्या तारखेच्या दोन दिवस आधी होती. आत्ता पैसे काढले तर त्या सोडतीत आपले नंबर नसणार. सोडतीनंतर काढले तर हातात पडायला चार-पाच दिवस लागणार, म्हणजे चेक बोंबलला. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "घरमालकाला सांगून चेक आठवडाभर थांबवतो. आणि समज, नेमका याच महिन्यात नंबर लागणार असला तर? भाडं जाईल, शाळेची फी जाईल, मी शांतपणे नोकरी शोधीन. तिघं इथेच राहू." आईने हातातली पोळी ताटात टाकली. "आणि नाही थांबला तुमचा मालक तर? पोलीस आल्यावर त्यांना काय पायगुण दाखवणार आहात पोरीचा?"

मी तिथेच होते, टेबलाशी. 'पोलीस' एवढाच शब्द मला कळला.

मग बाबांनी ते केलं, ज्याचा मला आजही राग येतो. त्यांनी माझी खुर्ची आपल्याकडे वळवली, माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "तूच सांग, बेटा. तुझ्या नावाचं आहे. ठेवायचं की काढायचं?" आई ओरडली, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" पण मग तीही माझ्याकडे बघू लागली. तीसुद्धा! दोन मोठी, शिकलेली, पगार मिळवलेली माणसं, आणि दोघंही तिसरीतल्या मुलीच्या तोंडाकडे बघतायत. मी इतकी घाबरले होते की मला शू लागली होती.

मी म्हणाले, "टेक इट आउट." मला एवढंच कळत होतं की पैसे काढले तर पोलीस येणार नाहीत. आणि आणखी एक होतं. नंबरच नसतील तर शुक्रवारी मला क्लिक करावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मीना बाजारात गेलो. या वेळी बाबांनी मला दारात थांबवलं नाही. मी आपणहून उजवा पाय आधी टाकला. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म बघितला आणि लकी मॅडम वगैरे काही म्हणाला नाही. "खलास?" एवढंच त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "खलास."

चेक वटला. आई देवासमोर बसून रडली. मी मनातल्या मनात नाचले, आता सगळं ठीक होणार म्हणून. त्या महिन्याचा निकाल आमच्या घरात कुणी बघितला नाही. त्या शुक्रवारी मी दोनदा जेवायला मागून घेतलं.

पुढच्या काही दिवसांत बाबांना दुबईपासून चार तासांवर, रुवैसला नोकरीही मिळाली, अगदी व्हिसाचे शेवटचे दिवस उरलेले असताना. पगार कमी, राहायला कंपनीच्या कॅम्पात एक खोली चौघांत, फॅमिलीला परवानगी नाही. आईने सामान बांधायला घेतलं. मला सांगितलं, आजोबांकडे सुट्टीला जायचंय. सुट्टीला जाताना कुणी मिक्सर आणि शाळेचा दाखला घेत नाही, हे मला कळत होतं. तुळशीची कुंडी खालच्या वॉचमनला दिली.

विमानतळावर बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली, आधी उजव्या बुटाची. "बघ," ते म्हणाले, "तू काढा म्हणालीस म्हणून चेक वटला. लगेच नोकरी मिळाली. सगळे परत जातायत, आणि तुझ्या बापाला नोकरी मिळाली! सगळा तुझा पायगुण."

त्यांचे डोळे भरले होते आणि ते खरोखर खूश होते, दोन्ही एकदम. मी आईकडे पाहिलं, ट्रॉलीवरच्या बॅगांकडे पाहिलं.

"देन व्हाय आर वी गोइंग, बाबा?"

त्यांनी नाडीची गाठ आणखी एकदा घट्ट केली. मग उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "यल्ला, चला, उशीर होतोय."