एका टाकीची विंग

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे समुद्राखाली जाण्याचं सामान नाशकात मिळणार नाही, हे मला मान्य होतं. बाहेरून मागवलेलं सामानही मागितलेल्या मापाचं येणार नाही, हे मात्र मी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर, दोन हजार सालानंतर कधीतरी, मी अंदमानात डायव्हिंग शिकले. माझी उंची कमी, पाठ आखूड. भाड्यानं मिळणारं हवेचं जॅकेट पाण्यात सरकून हनुवटीशी यायचं, पाठीवरची टाकी एका बाजूला कलायची आणि खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेल्या शिशाच्या पट्ट्यानं मणका धरायचा. माझा शिक्षक मालवणचा, मोजकं बोलणारा. मी खोल डाइव्हचा कोर्स मागितला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, या जॅकेटात तुम्ही सरळ राहत नाही. तीस मीटरवर मी नेणार नाही. अंगाला बसेल असं घेऊन या, मग नेतो."

तो स्वतः जॅकेट वापरत नसे. त्याच्या पाठीला स्टीलची एक पाटी असायची, तिच्यातून ओवलेला एकच लांब पट्टा खांद्यांवरून आणि कमरेभोवती जायचा. पाटी आणि टाकी यांच्या मध्ये घोड्याच्या नालासारखी हवेची पिशवी, पाण्यात तरंगणं सांभाळणारी; तिला विंग म्हणायचे. पाटीचं वजन पाठभर पसरतं, त्यामुळे शिसं कमी लागतं. पट्टा हवा तेवढा आखूड करता येतो. मला हवं होतं ते हेच. पाटी वर्तमानपत्रावर ठेवून मी तिच्या कडा पेन्सिलीनं उतरवून घेतल्या, ब्लाउजच्या कटिंगसारख्या, आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सातपूरच्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघायचे. सलग सुट्टी मिळायची ती दिवाळीचीच, तेव्हा पुढच्या दिवाळीला कोर्स, असं ठरवून टाकलं. घोटीच्या ताईचा मुलगा अमेरिकेत नोकरीला होता आणि दिवाळीला घरी येणार होता. त्याला मी ईमेल केली: एक, स्टीलची पाटी, तीन मिलिमीटर जाडीची. दोन, पट्टा आणि कड्या. तीन, विंग, एका टाकीची, लहान. मॉडेलसुद्धा लिहिलं.

त्याचं उत्तर आलं की बॅगेचं वजन मोजकंच असतं, आणि स्टीलची पाटी काय अमेरिकेतून आणायची? तुमच्या अंबडला ढिगानं मिळेल.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वायनरीच्या टाक्या करणाऱ्या एका कारखानदाराकडे मी वर्तमानपत्राचा कागद घेऊन गेले. ही पाठीला बांधून पाण्यात उतरायचं असतं, हे सांगितल्यावर तो आधी हसला. "लोक बुडू नये म्हणून काहीतरी बांधतात मॅडम, तुम्ही स्टील बांधताय." पण काम सफाईदार केलं. कडा गोल, भोकं अचूक. फक्त पाटी उचलली आणि माझा हात खाली गेला. तीन एमएम म्हणजे नुसता पत्रा, टिकला नसता, म्हणून पाच टाकली, असं त्यानं आनंदानं सांगितलं. पैसे तेवढेच. एवढी जड पाटी घेऊन मला हलत्या बोटीवर उभं राहायचं आहे, हे त्याला दोनदा समजावून नवी करून घेतली. तो नाराज झाला. फुकट मिळणारी मजबुती नाकारणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

धनत्रयोदशीला भाचा पट्टा, कड्या आणि विंग घेऊन आला. पिशवी उघडताना तो इतका खूश होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. विंग मोठी होती, खूपच मोठी. दोन टाक्या शेजारी शेजारी लावणाऱ्यांसाठी असते ती.

"मी लहान लिहिली होती."

"मावशी, सेलमध्ये ही त्याच किमतीत होती. लहान घेतली असती तर पुढे मोठी लागलीच असती."

"मी आता वाढणार नाहीये रे."

"रुंदीनं वाढशील की."

ताई हसली. याच्या शाळेच्या गणवेशापासून चपलांपर्यंत सगळं ती वाढत्या अंगाचं घ्यायची. तो त्याच हिशेबात वाढला होता.

बांधकामाच्या पाइपाचा टाकीएवढा तुकडा आणून मी हॉलमध्येच पाटी, विंग आणि पाइप एकत्र बांधले आणि तोंडानं हवा भरली. विंगच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन पाइपाभोवती मसाला डोशासारख्या गुंडाळल्या गेल्या. हवा एकीकडच्या घडीत अडकली, काही केल्या बाहेर येईना. तीस मीटरवर हवा सोडता आली नाही तर माणूस झपाट्यानं वर खेचला जातो, आणि ते जिवावर बेततं. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "थोडी कमी भर ना मग." परत करायची मुदत संपून गेली होती.

शिक्षकाला फोन केला. कुठली आणलीत, त्यानं विचारलं. मी सांगितलं. "ती नका आणू," म्हणाला.

त्या दिवाळीत मी अंदमानला गेले ती भाड्याच्या जॅकेटात, हनुवटीशी झुंजत, प्रवाळाच्या उथळ बाजूला. बरोबरचे लोक कड्यावरून खाली उतरले. त्यांचे बुडबुडे माझ्या समोरून वर जात होते आणि मी मणक्याला हात लावून ते बघत होते. माझी पाटी नाशकात कपाटात होती, अचूक मापाची.

परत आल्यावर भाच्याला ईमेल केली. तेच मॉडेल, आणि खाली एक ओळ: याहून मोठी त्याच किमतीत मिळाली, फुकट मिळाली, तरी नको. पुढच्या वर्षी त्यानं बरोबर विंग आणली, पण कुरकुरत. एवढीशी आहे आणि महाग पडली, म्हणाला. मी टेप लावून मापली आणि मगच त्याला चहा दिला.

त्या वर्षी शिक्षकानं मला बोटीवर उभं करून पट्टा ओढून पाहिला, पाटी हलते का बघितलं, आणि खाली नेलं. तीस मीटरवर मी आडवी, सपाट, जागच्या जागी राहिले. मणका गप्प होता.

पाण्याखालचा माझा फोटो घेऊन घोटीला गेले. ताईनं चष्मा लावून नीट पाहिला.

"पाठीवर हे एवढंसंच काय गं?" ती म्हणाली. "त्यानं चांगली मोठी आणली होती ना?"